शिकाऊ हात

मोटारसायकलबद्दल लोक ठरलेले चार प्रश्न विचारतात. किती सीसी, किती अ‍ॅव्हरेज, कितीला पडली आणि विकणार का? गिअरबॉक्सची विचारपूस आजवर कुणी केलेली मी ऐकली नाही. इंजिन धडधडतं म्हणून त्याला मान, टाकी चमकते म्हणून तिच्यावरून रोज फडकं, आणि सायलेन्सर तर अख्ख्या आळीला तोंडपाठ. या सगळ्यांच्या मधोमध, अंधारात, तेलात बुडून गिअरबॉक्स आपलं काम करत बसलेला असतो. तो आहे हे कळतं ते बिघडल्यावरच.

खरं तर गाडीतला सगळा व्यवहार तोच सांभाळतो. इंजिनात जोर असतो, पण तो एका ठरावीक वेगाने फिरताना. फार हळू फिरवलं तर इंजिन हुंदके देतं आणि बंद पडतं. चाकाला मात्र कधी रांगावं लागतं, कधी पळावं लागतं. या दोघांत तडजोड घडवायची तर कुणीतरी वेग देऊन जोर घ्यायला हवा, नाहीतर जोर देऊन वेग. पहिल्या गिअरमध्ये आतला शाफ्ट जवळजवळ तीन फेरे घेतो तेव्हा चेनकडचं चक्र एक फेरा घेतं. वेग तिपटीने घटला, जोर तितका वाढला. फुकट काही मिळालं नाही, गेलंही नाही. जुन्या बुलेटच्या चौथ्या गिअरमध्ये ही देवाणघेवाणही बंद होते. आलं तसं पुढे गेलं.

हे शहाणपण माणसाला सपाटीवर सुचलेलं नाही. सुरुवातीच्या मोटारसायकलींना बहुधा एकच वेग असे. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत एक चामडी पट्टा, बस्स. चढ आला की चालवणाऱ्याने पायडल मारायचं, तेही पुरेना झालं की उतरून गाडीबरोबर पळायचं. आयल ऑफ मॅन या बेटावर 1907 पासून मोटारसायकलींची शर्यत होते. 1911 साली ती तिथल्या डोंगरावरून न्यायचं ठरलं आणि पट्टेवाल्यांची पंचाईत झाली. मोठ्या गाड्यांच्या शर्यतीत पहिले तिन्ही नंबर ‘इंडियन’ नावाच्या अमेरिकन गाड्यांनी मारले. त्यांच्याकडे चेन होती आणि दोन वेगांचा गिअरबॉक्स होता. डोंगर नसता तर गिअरबॉक्सला इतक्या लवकर कुणी विचारलं असतं असं वाटत नाही.

साताऱ्यात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे दूध आणायला निघालं तरी चढ लागतो. कासच्या रस्त्याला यवतेश्वरचा घाट सुरू झाला की पहिला, दुसरा, पुन्हा पहिला असं चालू होतं, आणि मागे बसलेली व्यक्ती “उतरू का?” असं सोज्ज्वळपणे विचारते. तिकडे सांगलीला गेलं की हे सगळं विसरायचं. पेठ नाक्याला महामार्ग सोडला की आष्ट्यावरून सांगलीपर्यंत सपाट काळी रानं आणि दुतर्फा ऊस. चौथा गिअर टाकावा आणि घरच्या आठवणी काढाव्यात. उसाच्या हंगामात पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला, तर तेवढ्यापुरता तिसरा. सातारकर गिअर बदलून दमतो आणि सांगलीकर त्याला विचारतो, “एवढी घाई कशाची?”

मी उघडलेला गिअरबॉक्स सांगलीचा. गाडी माझ्या मामांची, 1980 च्या दशकातली बुलेट, मुक्काम हरिपूर. सांगलीला खेटून जिथे वारणा कृष्णेला मिळते ते हे गाव. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथे 45 फुटांना सांगतात. माणसं, गुरं, धान्य आणि सातबारे हलवण्याच्या त्या धांदलीत बुलेटचा नंबर शेवटचा होता आणि तो लागण्याआधीच पाणी गोठ्यात आलं. गाडी उभ्या-उभ्या बुडाली. पूर ओसरल्यावर इंजिन उघडलं, गाळ निघाला, गाडी सुरूही झाली. गिअरबॉक्सचं तेवढं तेल बदललं. पुन्हा तेच. तो बिचारा बोलला नाही, म्हणून कुणी त्याला उघडून पाहिलं नाही.

मग काही वर्षांनी तो बोलला. दुसरा गिअर सुटायला लागला. दुसऱ्यात जोर लावावा आणि ऐन वेळी आतून ‘खट्’ व्हावं. इंजिन किंचाळतं, गाडी जागच्या जागी मंदावते, मागचा एसटीवाला भोंग्यावर आपलं मत मांडतो. मामांनी फोन केला, “तू घेऊन जा रे गाडी. तुम्हा सातारकरांना वेळ असतो.” सातारा हे पेन्शनरांचं गाव, हा सांगलीकरांचा आवडता टोमणा. मी नुकताच निवृत्त झालो होतो, त्यामुळे उत्तर देता आलं नाही. टेम्पोतून बुलेट आली आणि आमच्या पार्किंगमध्ये उभी राहिली.

बुलेट हल्ली पुन्हा झोकात आहे. कॉलेजातली पोरं ती घेऊन लडाखला जातात. पण या जुन्या गाडीचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. नव्या कारागिराला हे दाखवलं की तो आदराने एक पाऊल मागे सरतो. एकजण म्हणाला, “काका, ठेवून जा, बघू सवडीने.” सवड हा शब्द ऐकला आणि मनात आलं, तीच तर आपल्याकडे भरपूर आहे. शिवाय या गाडीचा गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा आहे. बर्मिंगहॅमच्या अल्बियन कंपनीच्या घडणीचा हा डबा इंजिन न उतरवता उजव्या बाजूने उघडता येतो. नवशिक्याला याहून मोठी सवलत कोण देणार?

“अहो, तुम्हाला मिक्सरचं भांडं नीट बसवता येत नाही,” एवढंच घरातून ऐकू आलं. त्यात तथ्य होतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

पहिला धडा पान्यांचा मिळाला. घरातला दहा-अकरा आणि बारा-तेराचा पाना घेऊन मी ऐटीत बसलो, तर एकही पाना नटावर धड बसेना. या गाडीची मापं इंचातली. देशात मेट्रिक पद्धत येऊन साठाहून जास्त वर्षं झाली, पण हार्डवेअरच्या दुकानात आजही माप सुतात सांगतात. आठ सूत म्हणजे एक इंच. दुकानदाराने विचारलं, “किती सुताचा?” मी बोटांनी दाखवलं. त्याने माझ्या बोटांकडे आणि मग चष्म्याकडे पाहिलं आणि पान्यांचा अख्खा संच काढून दिला.

मग तेल सोडलं. तेलात सोनेरी कण चमकत होते. ते आतल्या ब्राँझच्या बुशांचं झिजलेलं अंग. किकचा दांडा, गिअरचा पेडल, बाहेरचं कव्हर, क्लचचा लिव्हर, आतलं कव्हर, असं एकेक निघत गेलं. कव्हरच्या एका कोपऱ्यात बारीक मऊ गाळाची पुटं होती. महाबळेश्वराहून निघालेली कृष्णा साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णेला भेटून, कऱ्हाडात कोयनेला घेऊन सांगलीला जाते आणि तिथला मूठभर गाळ टेम्पोत बसून पुन्हा साताऱ्याला येतो, याचं मला कौतुक वाटलं. बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे खळगे पडले होते. पाणी कधीच निघून गेलं होतं, आपली सही मागे ठेवून.

आतला संसार पाहण्यासारखा होता. वर एक शाफ्ट, खाली एक शाफ्ट, दोन्हींवर दातेरी चक्रांच्या जोड्या. माझी समजूत अशी होती, की गिअर बदलला म्हणजे एक चक्र दुसऱ्यापासून सुटतं आणि तिसऱ्याला जाऊन भिडतं. तसं नसतं. सगळ्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्या असतात आणि कायम फिरत असतात. फक्त एका वेळी एकाच जोडीची पकड शाफ्टवर असते, बाकीच्या मोकळ्या फिरतात. एकत्र कुटुंबात असंच तर असतं. पहाटेपासून सगळेच पळापळीत, पण महिन्याचा किराणा ज्याच्या पगारावर येतो तो एकटाच. उद्या त्याची पाळी संपते, दुसऱ्याची येते, पळापळ तीच राहते. ही पकड द्यायला चक्रांच्या अंगावर जाड खुंट्यांसारखे दात असतात, आणि एक फोर्क चक्राला इकडून तिकडे सरकवतो. आमच्या दुसऱ्या गिअरच्या त्या दातांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. जोर आला की ते गुळगुळीत कडांवरून घसरत होते. सुटण्याचं कारण असं हातात धरून पाहता आलं, तेव्हा मला लहान मुलासारखा आनंद झाला.

सुटे भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ठेवायचे, हा या कामाचा एकमेव धर्म. त्यासाठी मी इडलीपात्र घेतलं. एकेका खळग्यात एकेक वॉशर, सर्क्लिप, स्प्रिंग. हे स्वयंपाकघरात कळल्यावर काय झालं ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. नवं इडलीपात्र चांगलं मिळालं.

पार्किंगमध्ये माणूस चटई टाकून बसला आहे आणि त्याच्यापुढे एक यंत्र उघडं पडलं आहे, हे दृश्य आपल्याकडे फार वेळ एकटं राहत नाही. पहिल्यांदा आले ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले अण्णा. त्यांनी खुर्ची मागवली, चहा मागवला आणि कशालाही हात न लावता म्हणाले, “साहेब, घाई करू नका.” मग अभियांत्रिकीला असलेला पुतण्या आला. त्याने वहीच्या पानावर दात मोजून गुणोत्तरं काढली, ती बरोबर आली, आणि पाना कुठल्या बाजूने धरायचा ते मला विचारलं. तळमजल्यावरचे एक गृहस्थ तरुणपणी महाराष्ट्र स्कूटर्समध्ये होते. 1975 साली स्थापन झालेल्या या कंपनीच्या साताऱ्याच्या कारखान्यातून प्रिया स्कूटर बाहेर पडे, आणि त्या काळात साताऱ्यातल्या प्रत्येक घरातला निदान एक पाहुणा तिथे नोकरीला असे. ते रोज येऊन सांगत, की स्कूटरचा गिअर हातात असतो हेच बरं. दूधवाला, इस्त्रीवाला, पोस्टमन, सगळ्यांनी वाकून पाहिलं आणि आपापलं निदान दिलं. संध्याकाळी मामांचा फोन. “उघडलास? आत काय आहे? हात घालताना अंगठी काढून ठेव.”

नोकरीत असताना मी जाणता माणूस होतो. लोक माझ्याकडे कामं घेऊन येत, काम झालं की जात, आणि नाही झालं तर जाताना दार जोरात लावत. निवृत्त झालो आणि ते येणं थांबलं. आता मी नेणता झालो तर अख्खी आळी माझ्याकडे आली. काम घेऊन आलेला माणूस तोंड वाईट करून बसतो. सल्ला द्यायला आलेला मात्र खुशीत असतो, चहा घेतो आणि उद्या पुन्हा येतो. साठीच्या आसपास माणसाला काही तरी अजिबात येत नसावं, त्यातून संगत चांगली मिळते.

आणि या बाबतीत आमचा मुलूख काही आजचा नाही. कृष्णाकाठची मोठी कामं हात बसलेला नसताना सुरू झालेली आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भाऊ रामूअण्णांबरोबर 1888 साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, तेव्हा ते मुंबईत तंत्रशाळेत शिकवत होते. पुढे लोखंडी नांगर करायला घेतले, तर शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमीन नासेल. 1910 साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी कारखाना मांडला आणि तिथे किर्लोस्करवाडी झाली. साताऱ्यात धनजीशा कूपरांच्या कारखान्यातही नांगर घडले, पुढे डिझेल इंजिनं आली. याच कूपरांनी 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचं पंतप्रधानपदही सांभाळलं. मिरजेतलं तर आणखी नवल. तिथली शिकलगार मंडळी हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात तलवारींची मागणी घटली तशी त्यांनी सतार आणि तंबोऱ्याला हात घातला. लोखंड घासणारे हात भोपळ्याला लागले, आणि तंबोऱ्याची जवारी कानाने जुळवू लागले. त्या मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून मुलासाठी किकने सुरू होणारी छोटी जीप बनवली. 2021 च्या डिसेंबरमध्ये तिची चित्रफीत आनंद महिंद्रांनी पाहिली, आणि पुढच्या महिन्यात त्या जीपच्या बदल्यात लोहारांच्या दारात बोलेरो आली. आमच्या दारात तसं काही येण्याची शक्यता नव्हती. पण चटईवर बसल्या-बसल्या आपण बऱ्या पंक्तीत आहोत, एवढं समाधान मिळत होतं.

सामान आलं. दुसऱ्या गिअरची नवी जोडी, बेअरिंग, बुश, ऑइल सील, पॅकिंग. बुश ठोकून बसवला तरी आतून नेमक्या मापाचा करावा लागतो. ते काम एमआयडीसीतल्या एका टर्नरने लेथवर केलं. त्याने शाफ्ट बुशात सरकवला, उभा धरला आणि तो स्वतःच्या वजनाने संथ खाली उतरू दिला. “असा उतरला पाहिजे,” तो म्हणाला, “पडता कामा नये, अडता कामा नये.” सेवानिवृत्तीच्या समारंभात माझ्याबद्दल झालेल्या सगळ्या भाषणांपेक्षा मला ते वाक्य आवडलं.

बेअरिंग बसवण्याची युक्ती अण्णांची. अॅल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि सकाळी घर, म्हणजे गिअरबॉक्सची खोबण, तापवायचं. पाण्याचा थेंब टाकला की चुर्र झालं पाहिजे. मग गार बेअरिंग गरम खोबणीत ठेवलं की हातोडीविना आपसूक बसतं. रात्री अकराला स्वयंपाकघरातून हाक आली, “अहो, मटारच्या पिशवीखाली हे काय गुंडाळून ठेवलंय?” मी खरं ते सांगितलं. थोडा वेळ शांतता पसरली. मग आवाज आला, “दोन ठेवलीत, की आणखी आहेत? आईस्क्रीमला जागा करायची आहे.” घराने माझं शिकाऊपण मान्य केलं, ते त्या रात्री. सकाळी बेअरिंग ‘टप्’ असा आवाज करून जागेवर बसलं आणि अण्णांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने मला चहाचा कप दिला.

जुन्या बुलेटला एक गंमत असते. दोन गिअरांच्या अधेमधे ती कधी कधी अडकते आणि आपण न्यूट्रलमध्ये असल्याचा भास देते. त्याला खोटा न्यूट्रल म्हणतात. बहुधा त्याची भरपाई म्हणून पेडलपाशी टाचेने दाबायचा एक छोटा दांडा दिलेला आहे. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कुठल्याही गिअरमधून तो दाबला की गाडी थेट खऱ्या न्यूट्रलमध्ये येते. सिग्नलला जुना बुलेटवाला ऐटीत टाच दाबून क्लच सोडून देतो, तो याच्या जोरावर. मला मात्र वाटतं, माणसाने निवृत्त होताना हा दांडा स्वतःलाही बसवून घ्यावा. ज्याला आपण विसावा समजतो तो पुष्कळदा दोन गिअरांमधला भास असतो, आणि थोडा जोर लागला की खट् करून कुठल्या तरी जुन्याच गिअरमध्ये आपण जाऊन पडतो.

सगळं उलट्या क्रमाने बसलं. इडलीपात्राचे खळगे एकेक करून रिकामे झाले. तेल भरलं, मोकळ्या चाकावर चारही गिअर टाकून पाहिले. मग यवतेश्वरचा घाट. मागे कुणी बसायला तयार नव्हतं, त्यामुळे कुणी उतरण्याचा प्रश्न नव्हता. घाटाच्या मधल्या वळणावर दुसरा टाकला आणि मूठ पिळली. आत कुणी काही बोललं नाही. दुसरा धरून राहिला, अगदी वरपर्यंत. खाली अजिंक्यतारा आणि शहर दिसत होतं, आणि मी मात्र पायाखालच्या त्या डब्याचा न येणारा आवाज ऐकत होतो.

परत आलो तर पार्किंगमध्ये मंडळी जमलेली. अण्णा म्हणाले, “झालं ना? आता शेजारच्या विंगेत एका राजदूतचा गिअर अडकतो. मी सांगून ठेवलंय तुमचं.” पुतण्याच्या मित्राची गाडी होती, इस्त्रीवाल्याची मोपेड होती. एका घाटात मी जाणत्यांत जमा झालो होतो. उद्यापासून माझ्याकडे सल्ले येणार नव्हते, कामं येणार होती, आणि दार जोरात लावणारेही. मी घाईघाईने सांगितलं, की हा एकच गिअरबॉक्स मला कळतो, तोही उजव्या पायाचा. कुणाचाच विश्वास बसला नाही.

रात्री मामांना फोन केला. घाटाचं सांगितलं, दुसरा गिअर धरतो म्हणालो. पलीकडे मामा खूश झाले, मामींना ओरडून सांगून झालं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “मळ्यातला पंप पाणी उचलत नाही बघ. येतोस का दोन दिवस?”

“मामा, पंपातलं मला शेंडाबुडखा काही कळत नाही.”

“मग तर येच,” मामा म्हणाले.